नांगर टाकायचा तर ऊन हवं

दक्षिण पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांना बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीनं १७६८ मध्ये ‘धोक्याचा द्वीपसमूह’ असं नाव दिलं. ते पुढे कितीतरी वर्षं नकाशांवर टिकलं, आणि उगाच टिकलं नाही. वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे दीड हजार किलोमीटरच्या पट्ट्यात ही ऐंशीच्या आसपास बेटं विखुरली आहेत. जवळजवळ सगळी कंकणद्वीपं. मध्ये शांत पाण्याचं लगून, भोवती प्रवाळाची भिंत आणि त्या भिंतीवर जागोजाग माडांनी भरलेली बेटुकली. जमीन पाण्यापेक्षा दोन-चार मीटरच उंच, त्यामुळे समुद्रावरून आधी दिसतात ते माड. १७२२ मध्ये रोख्खेव्हेन या डच कप्तानाच्या ताफ्यातलं एक जहाज इथल्या ताकापोतो बेटावर चढलं आणि तिथेच संपलं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी थॉर हेयरडालचा ‘कोन-टिकी’ हा तराफा पेरूहून १०१ दिवसांचा प्रवास करून याच समूहातल्या रारोइआच्या प्रवाळभिंतीवर आदळला.

आज बोटीवर जीपीएस असतं, उपग्रहानं टिपलेली छायाचित्रं असतात, फोनमध्ये सागरी नकाशा असतो. तरीही मार्केसास बेटांवरून पाचशेहून जास्त सागरी मैल तोडून येणारे शिडाच्या बोटींचे कप्तान तुआमोतूच्या दारात पोचले की सावध होतात. मोकळ्या समुद्रातला प्रवास त्या मानानं सोपा. मे ते सप्टेंबर या काळात पूर्व-आग्नेयेकडून व्यापारी वारे बऱ्यापैकी नेमानं वाहतात, वेग पंधरा-वीस नॉट. शीड एकदा नीट लावलं की कधीकधी दिवसभर त्याला हात लावावा लागत नाही. कस लागतो तो दोन ठिकाणी: लगूनच्या मुखातून आत शिरताना आणि आत गेल्यावर नांगर टाकताना. माझ्या मते दर्यावर्दीपणाची खरी परीक्षा या दुसऱ्या कामात आहे, आणि नेमकं त्याच्याबद्दलच फार कमी लिहिलं जातं.

हे समजून घ्यायचं तर आधी प्रवाळाकडे बघायला हवं. नोव्हेंबर १८३५ मध्ये ‘बीगल’ जहाज ताहितीकडे जाताना या बेटांमधून गेलं आणि चार्ल्स डार्विननं ही पाण्यातली कडी डोळ्यांनी पाहिली. ती कशी घडली असावीत याचा विचार त्याच्या डोक्यात आधीपासूनच घोळत होता. १८४२ च्या पुस्तकात त्यानं तो मांडला. समुद्रातून ज्वालामुखीचं बेट वर येतं. त्याच्या किनाऱ्याला प्रवाळ धरतं. पुढे लाखो वर्षांत बेट हळूहळू खचत जातं, पण प्रवाळाला ऊन लागतं, म्हणून ते वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि त्याच्या किनाऱ्याचं कडं तेवढं उरतं. हे खरं की खोटं हे कळायला शंभरहून जास्त वर्षं जावी लागली. १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर खोल भोक पाडलं गेलं, तेव्हा जवळजवळ १,४०० मीटर चुनखडी ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला. डार्विनच्या निव्वळ तर्कानं इतकी वर्षं तग धरली, हे मला विज्ञानाच्या इतिहासातलं फार देखणं प्रकरण वाटतं.

दर्यावर्दीच्या दृष्टीनं या घडणीचे दोन परिणाम. बाहेरच्या बाजूला भिंत सरळ खोल उतरते, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ शेकडो मीटर खाली. तिथे नांगर टाकायची सोयच नाही. जायचं तर आतच. आणि आत लगूनचा तळ बऱ्याच ठिकाणी तीस-चाळीस मीटरवर, वाळूचा, पण त्या वाळूतून प्रवाळाचे सुळके उभे राहिलेले असतात. काहींचा माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम हातभर. नकाशात यातले थोडेच असतात. पुष्कळ लगूनांची मोजणी ठरावीक वाटांपुरतीच झालेली आहे.

आता असा एक दिवस फाकारावा बेटावर बघू. हे तुआमोतूतलं रांगिरोआनंतरचं सर्वांत मोठं कंकणद्वीप, लगूनची लांबी सुमारे साठ किलोमीटर. बारा-तेरा मीटर लांबीची, दोन माणसांनी चालवलेली शिडाची बोट तिथे येते आहे असं धरा.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्रीच करावी लागते, ती वेग कमी करून. शिडं लहान करायची, वाटल्यास बोट समुद्रातच जवळजवळ थांबवून ठेवायची, म्हणजे उजाडायच्या आत बेट गाठलं जाणार नाही. यामागे साधं गणित आहे. डेकवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून तीनेक मीटर उंच असतील तर त्याचं क्षितिज साडेतीन-पावणेचार सागरी मैलांवर असतं. वीस मीटर उंच माडाचा शेंडा आपल्या बाजूनं नऊएक मैल ‘बघतो’. दोन्ही मिळून कागदावर तेरा मैल होतात. पण लाटा आणि क्षितिजावरचा धुरकटपणा धरला की प्रत्यक्षात आठ-दहा मैलांवर आल्यावरच माड दिसू लागतात. सहा नॉटच्या वेगानं हे अंतर दीड तासाच्या आसपास संपतं. आणि अंधारात तर दिसतच नाही. नुसता लाटा फुटल्याचा आवाज येतो, तोही वाऱ्याच्या उलट दिशेला असाल तर उशिरा.

पॉलिनेशियाच्या जुन्या नाविकांनी याच बेटांमध्ये होकायंत्राशिवाय ये-जा केली. माड दिसायच्या आधी त्यांना ढग सांगत. उथळ हिरव्या लगूनवरून परतलेला प्रकाश ढगाच्या पोटावर पडतो आणि ढगाला फिकट हिरवट झाक येते. पक्षी सांगत. पांढरे कुररी आणि नॉडी सकाळी मासे पकडायला समुद्रावर जातात आणि संध्याकाळी रात्रीच्या मुक्कामाला जमिनीकडे परततात. म्हणजे संध्याकाळच्या थव्याची दिशा हीच बेटाची दिशा. बेटाला वळसा घालून येणाऱ्या लाटांची बदललेली चाल तर ते अंगानं ओळखत. एवढी बारीक नजर माणसाला पिढ्यान् पिढ्या पाणी बघूनच येते. कोणत्याही यंत्राइतकाच मला तिचा आदर वाटतो.

उजाडलं, माड दिसले, आता थेट आत जावं, तर तेही नाही. मुखाशी पाण्याची वेळ साधावी लागते. फाकारावाला दोन मुखं आहेत, उत्तरेचं गारुआए आणि दक्षिणेचं तुमाकोहुआ. गारुआए मैलभर रुंद आहे, तरी तिथला ओघ हलका समजू नये. आपल्याकडे भरती-ओहोटी म्हटली की उधाण आणि भांग हे शब्द पुरतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तुआमोतूत भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन वितींचाच असतो. मग मुखात एवढी ओढ कुठून येते? लगूनचा आकार बघा. शेकडो चौरस किलोमीटरचं पाणी वीतभर जरी चढायचं-उतरायचं झालं तरी ते सगळं एक-दोन फटींतूनच आत-बाहेर करणार. त्यात आणखी एक कारण मिळतं. वाऱ्याच्या आणि दक्षिणेच्या बाजूला महासागराच्या लाटा भिंतीवर फुटतात आणि भिंत ओलांडून सारखं पाणी आत टाकत राहतात. हे पाणी आलं त्या वाटेनं परत जाऊ शकत नाही. ते मुखातूनच बाहेर पडतं. म्हणून जोराच्या वाऱ्याचे किंवा मोठ्या लाटांचे चार दिवस गेले की एकच अरुंद मुख असलेल्या बेटात ओहोटीचा ओघ लांबत जातो. भरतीच्या वेळीही पाणी बाहेरच वाहताना दिसतं. वेळापत्रक अशा वेळी कामाला येत नाही. चंद्र उगवण्या-मावळण्याच्या वेळांवरून अंदाज बांधायचा आणि शेवटी मुखासमोर येऊन पाणी डोळ्यांनी बघायचं.

बघायचं काय, तर लाटा कुठे उभ्या राहतात ते. बाहेर पडणारा ओघ आणि समोरून येणाऱ्या लाटा यांची गाठ पडली की लाटेची लांबी आखडते आणि उंची वाढते. जागच्या जागी उसळणाऱ्या, पुढे न सरकणाऱ्या लाटांची रांग तयार होते. रांगिरोआच्या तिपुता मुखात अशाच लाटांमध्ये डॉल्फिन उड्या मारतात आणि ते बघायला लोक किनाऱ्यावर जमतात. बोटीवर असणाऱ्यांना मात्र तिथे जायचं नसतं. सहा नॉट धावणाऱ्या बोटीसमोर पाच नॉटचा ओघ आला तर ती पूर्ण जोर लावूनही तासाला एकच मैल पुढे जाईल. ओघ पाठीमागून आला तर जमिनीच्या हिशेबानं अकरा नॉटनं आत फेकली जाईल आणि सुकाणूची पकड मात्र सहा नॉटचीच राहील. म्हणून ओघ थांबण्याच्या किंवा नुकता आत वळण्याच्या वेळेची वाट बघायची. बाहेर दोन-तीन तास येरझारा घालाव्या लागल्या तरी त्यात कमीपणा नाही.

याच ओघावर लगूनचा जीव पोसला जातो, हेही इथेच सांगायला हवं. महासागराचं ताजं पाणी आणि अन्न मुखातून आत येतं. फाकारावाच्या दक्षिण मुखात जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास गोब्रा जातीचे हजारो मासे अंडी घालायला जमतात आणि त्यांच्या मागे शेकडो राखाडी शार्क. फाकारावा आणि आसपासची बेटं मिळून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र झालं आहे.

मुख ओलांडलं की महासागराची डोलवणूक एकदम थांबते. पाणी सपाट, वारा तोच. आणि इथून पुढे सगळा कारभार उन्हाचा.

सूर्य वर चढलेला हवा, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन, आणि तो पाठीशी हवा. समोर सूर्य असेल तर पाण्याचा आरसा होतो आणि आतलं काही दिसत नाही. फाकारावात उत्तरेच्या रोतोआवा गावापासून दक्षिणेकडे जाणारी खुणांची वाट पूर्वेच्या काठाशी आहे. जून-जुलैत दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे भर दुपारी दक्षिणेकडे निघालं तर ऊन बरोबर पाठीवर येतं. परतीचा प्रवास तितका सोपा नाही, तेव्हा वेळेची जुळवाजुळव करावी लागते. दोघांतलं एक जण बोटीच्या पुढच्या टोकाला किंवा डोलकाठीवर चढून उभं राहतं, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरून परतणारी तिरीप बरीचशी एकाच पातळीत कंप पावणारी असते. हा चष्मा तीच अडवतो आणि नजर पाण्याच्या आत जाते. दुसरं माणूस सुकाणूवर. ओरडून बोलणं वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी.

वाचायचा असतो तो पाण्याचा रंग. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं, निळा खोलवर जाऊ देतं. खाली पांढरी वाळू असेल तर उरलेला प्रकाश ती वर परतवते. त्यामुळे गडद निळं म्हणजे खोल, फिकट निळसर-हिरवं म्हणजे सात-आठ मीटरवर वाळू, जवळजवळ पांढरं दिसलं की बोटीचा तळ घासणार. तपकिरी किंवा पिवळट डाग दिसला तर तो प्रवाळाचा सुळका. तो तपकिरी रंग प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. हेच शैवाल उन्हावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसतं आणि त्याच्यासाठीच प्रवाळ पृष्ठभागाकडे वाढत जातं. ढग आला की सगळा नकाशा पुसला जातो; त्याची सावलीही हुबेहूब सुळक्यासारखी दिसते. अशा वेळी थांबायचं, ढग जाऊ द्यायचा. शिवाय काळ्या मोत्यांच्या शेतीचे दोर पाण्याखाली ताणलेले असतात, त्यांच्या बोया वेळेवर दिसायला हव्यात.

मग नांगर. वाळूचा मोठा, फिकट पट्टा शोधायचा, आठ-दहा मीटर खोलीचा. त्यावर सावकाश एक फेरी मारून आजूबाजूचे सुळके मोजायचे. बोट वाऱ्यात तोंड करून थांबवायची आणि नांगर सोडायचा. फेकायचा नाही, साखळी हळूहळू सोडत तळाला टेकवायचा. मग बोट मागे सरकू द्यायची आणि साखळी लांबट पसरत जाऊ द्यायची.

नांगर आपल्या वजनानं बोट धरतो असा पुष्कळांचा समज असतो. बारा मीटरच्या बोटीचा नांगर वीस-पंचवीस किलोचा. बोट कित्येक टनांची. वजनानं ती काय राहणार! नांगर शेतातल्या नांगराच्या फाळासारखा जमिनीत घुसतो आणि धरून राहतो, पण ओढ जमिनीला समांतर असेल तोवरच. ओढ वर झाली की फाळ निघतो. म्हणून साखळी खोलीच्या पाच ते सात पट सोडतात. दहा मीटर पाणी आणि बोटीच्या टोकाची दीड मीटर उंची धरली तर साठ मीटर साखळी. दहा मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरते, म्हणजे साठ मीटरचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. हे वजन साखळीला झोळ देतं, झोळ धक्का पचवतो आणि नांगराजवळची साखळी जमिनीवर आडवी राहते. शेवटी इंजिन उलटं चालवून नांगर ताणून बघायचा, आणि पाणी एवढं नितळ असताना डोळ्यांवर मास्क लावून खाली जाऊन प्रत्यक्षही पाहायचा. फाळ वाळूत पुरता गाडलेला दिसला की निम्मं काम झालं.

निम्मंच, कारण साखळीची गोष्ट अजून बाकी आहे. वारा फिरतो, बोट नांगराभोवती फिरते आणि तळावर लोळणारी साखळी वाळू घासत वर्तुळ काढते. त्या वर्तुळात सुळका असला तर ती त्याला विळखा घालते. आता साठ मीटर साखळीतली दहा-पंधराच मोकळी उरते. झोळ गेला. लाटेनं बोटीचं टोक उचललं की हिसका सरळ साखळीवर, आणि तुटतं ते प्रवाळ, साखळी किंवा बोटीवरचं साखळी धरणारं यंत्र.

तुआमोतूत यावर एक सुंदर उपाय रूढ झाला आहे. मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेल्या प्लास्टिकच्या गोल बोया तिथे वाळूवर पडलेल्या असतात. त्यातल्या तीन-चार गोळा करून आणायच्या. नांगर टाकल्यावर खोलीहून थोडी जास्त साखळी वाळूवर आडवी सोडायची, नांगराची ओढ समांतर राहावी म्हणून. त्यानंतर दर काही मीटरवर एकेक बोया साखळीला अडकवत जायचं. बोया साखळीला तळापासून उचलून धरतात आणि ती सुळक्यांच्या माथ्यावरून, पाण्यात लोंबत, बोटीकडे येते. धक्का पचवायला पुढे आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर जोडायचा. तो ताणला की लांबतो. वाऱ्यानं दिशा बदलली तरी साखळी कशात अडकत नाही आणि प्रवाळाला खरचटतही नाही. किनाऱ्यावरच्या कचऱ्याचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

दुपार उतरली की किनाऱ्यावर जायला वेळ मिळतो. बेटांवर नदी नाही, ओढा नाही. लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. खोबरं, मोती, मासे आणि पर्यटक यांवर गाव चालतं, किराणा जहाजानं येतो. आत पकडलेला मासा खाण्याआधी गावात विचारावं लागतं. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं, शिजवून ते जात नाही, आणि कोणत्या जागचा कोणता मासा चालतो हे तिथल्याच लोकांना माहीत असतं.

रात्रीचा धोका वाऱ्याचा. लगून शांत असतं ते आपल्या वरच्या बाजूला जमीन असते म्हणून. वारा उलट फिरला तर तेच साठ किलोमीटरचं पाणी लाटा उठवायला मोकळं मिळतं आणि पाठीशी प्रवाळाचा काठ येतो. थंडीच्या मोसमात मारामू नावाचा जोरदार आग्नेय वारा सुटतो. तो येणार असं कळलं की फाकारावातल्या बोटी आदल्या दिवशीच आग्नेय कोपऱ्यातल्या हिरिफाकडे जाऊन माडांच्या आडोशाला बसतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे ज्याला ठाऊक आहे तो पंधरा नॉटमध्ये नीट बसलेल्या नांगरावर तीस नॉटसाठी विसंबत नाही. आणि अंधारात जागा बदलता येत नाही. सुळके दिसायला पुन्हा सूर्य वर यावा लागतो. म्हणून दुपारी टाकलेला नांगर पहाटेपर्यंतचा विचार करूनच टाकायचा असतो.

प्रवाळाच्या मोठ्या गोलसर वसाहती वर्षाला सेंटीमीटरभर वाढतात. साखळीनं एका रात्रीत मोडलेलं मीटरभर प्रवाळ परत उभं राहायला शंभर वर्षं लागतील, तीही पाणी फार न तापलं तर.

असं प्रवाळ बघायला पॅसिफिकपर्यंत जावं लागत नाही. लक्षद्वीपची बेटं याच जातीची कंकणद्वीपं आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातही प्रवाळ आहे; मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तिथे स्नॉर्केलिंगला जाल तेव्हा होडीत बसण्याआधी होडीवाल्याला एवढं जरूर विचारा: दादा, नांगर वाळूत टाकणार की प्रवाळावर? बोया असेल तर तिला होडी बांधायला सांगा. प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या होडीत बसू नका.